जुन्या पेट्रोल पिकअपसाठी नव्या प्लग वायर कशा निवडाव्यात

चाळीसगावहून माल भरून कन्नडचा घाट चढताना जुनी पेट्रोल गाडी झटके देऊ लागते, दाब दिला तरी वेग घेत नाही आणि माथ्यावर पोहोचून सपाटीला लागली की पुन्हा काही झालेच नाही अशी चालते. आपल्याकडे याला गाडी ‘मिस मारते’ असे म्हणतात. अशा वेळी बहुतेकांचा संशय आधी कार्बोरेटरवर किंवा पेट्रोलमधील कचऱ्यावर जातो. तो अगदी चुकीचा असतो असे नाही. परंतु फक्त चढावर आणि फक्त ओझ्याखाली मिस मारणारी गाडी पुष्कळदा प्लग वायरच्या, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरच्या, दुखण्याने बेजार झालेली असते. ओझ्याखाली सिलिंडरमधील दाब वाढतो, दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, आणि ते व्होल्टेज वायरच्या जुन्या, तडकलेल्या आवरणातून मध्येच इंजिनाच्या लोखंडाकडे पळवाट काढते. सपाटीवर कमी व्होल्टेज पुरते, म्हणून तेथे दोष दिसत नाही.

खानदेशात अशा गाड्या अजून पुष्कळ शेतांवर आणि आठवडे बाजारांच्या वाटेवर दिसतात. महिंद्राच्या पेट्रोल जीपला मागे हौदा बसवून केलेली पिकअप, मारुतीची जिप्सी, मालवाहू ओम्नी आणि क्वचित कोठे महिंद्राच्याच एफसी मालिकेची जुनी पिकअप. अशा गाडीची वायर पहिल्यांदाच स्वतः विकत घेणाऱ्यासाठी हा लेख आहे. माझे सांगणे मुळात एकच आहे: वायर तिच्या रंगावरून किंवा जाडीवरून निवडू नये, आपल्या गाडीची ठिणगी कोणत्या पद्धतीने तयार होते हे आधी ओळखून त्या पद्धतीला मानवणारी वायर घ्यावी.

पहिली पायरी: आपल्या गाडीला प्लग वायर आहेत का, आणि किती

हा प्रश्न अनावश्यक वाटेल, पण सध्या रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतांश पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो. तेथे ज्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात तो इंजिन थंड असताना गरम होणारा निराळा भाग आहे. त्याच्या वायरींशी या लेखाचा संबंध नाही. त्याचप्रमाणे अलीकडच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीपुरते वाढवणारा भाग) बसवलेली असते, त्यामुळे त्यांनाही लांब प्लग वायर नसतात.

जुन्या गाडीत सहसा एक कॉइल आणि एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ती वीज सिलिंडरांना पाळीपाळीने वाटणारा भाग, असतो. कॉइलपासून एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मधल्या भोकात येते, आणि टोपीच्या कडेच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरच्या प्लगकडे एकेक वायर जाते. म्हणजे चार सिलिंडरच्या जीपला पाच वायर लागतात आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या तीन सिलिंडरच्या ओम्नीला चार. नवखा माणूस मधली वायर हमखास विसरतो. सगळ्या सिलिंडरांचा करंट त्या एकाच वायरीतून जातो, त्यामुळे ती खराब असेल तर इतर वायर कितीही चांगल्या घेतल्या तरी सगळे सिलिंडर आलटून पालटून मिस मारत राहतात.

दुसरी पायरी: दोष खरोखर वायरींचाच आहे याची खात्री

इंजिन बंद असताना आणि पूर्ण थंड झाल्यावर वायर एकेक करून हाताने चाचपाव्यात. चांगली वायर रबरासारखी वाकते. म्हातारी झालेली वायर वाकवताना कडक लागते आणि तिच्या पाठीवर केसासारख्या बारीक चिरा दिसतात. प्लगच्या टोकाचे रबर पांढुरके झाले आहे का, आत काळी रेघ ओढल्यासारखा जळाल्याचा माग आहे का, हे पाहावे. गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा अवश्य शोधाव्यात. अशी खूण बहुधा वायरीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते.

त्यानंतर अंधारात परीक्षा घ्यावी. रात्री इंजिन चालू ठेवून, दिवे बंद करून, काही अंतरावरून इंजिनाकडे पाहिले असता वायरीपासून लोखंडाकडे जाणाऱ्या निळसर ठिणग्या किंवा वायरीभोवतीची फिकट निळी झाक दिसू शकते. फवारणीच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका तुषार वायरींवर मारला तर लपलेली गळती उघडी पडते. पहिल्या पावसात किंवा दवाच्या सकाळी गाडी मिस मारते त्याचे कारणही हेच असते. ही परीक्षा घेताना वायरीला हात लावू नये, सैल कपडे किंवा उपरणे फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये आणि पेट्रोलचा किंवा गॅसचा जरासाही वास येत असेल तर ती मुळीच घेऊ नये. प्लगपर्यंत जाणारे व्होल्टेज दहा-वीस हजार किंवा त्याहूनही अधिक असते, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका तर जुन्या पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांनी ठिणगी घडवणाऱ्या, इग्निशनपेक्षा बराच जबर असतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू इंजिनावर वाकूच नये.

तिसरी परीक्षा मल्टिमीटरची. वायर दोन्ही टोकांनी सोडवून मीटर ओमच्या वीस हजारांच्या पट्टीवर ठेवावा, दोन टोकांना दोन सळ्या लावाव्यात आणि मोजताना वायर हळूहळू वाकवून हलवावी. आकडा स्थिर राहिला तर आतला गाभा शाबूत आहे. आकडा उड्या मारत असेल, किंवा पट्टी वाढवूनही मीटर काहीच जोड दाखवत नसेल, तर गाभा तुटलेला आहे. गाडीच्या सर्व वायर मोजून आकडे कागदावर लिहावेत. लांब वायरीचा रोध, म्हणजे मीटर ओममध्ये दाखवतो तो विजेला होणारा अडथळा, जास्त आणि आखूड वायरीचा कमी असणे स्वाभाविक आहे. पण जवळजवळ सारख्या लांबीच्या दोन वायरींत मोठा फरक असेल तर जास्त आकड्याची वायर संशयित समजावी. मात्र मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली, असे मानू नये. मीटर केवळ गाभा तपासतो; आवरणाची गळती त्याला कळत नाही, म्हणून अंधारातील परीक्षा वगळता येत नाही.

हे सर्व करतानाच डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आत पाहावे. टोपीला तडा असेल, तिच्या आतला मधला कार्बनचा तुकडा झिजला असेल किंवा तिच्याखाली फिरणाऱ्या रोटरचे टोक जळाले असेल तर नव्या वायरींवरचा खर्च वाया जातो.

तिसरी पायरी: गाभा कोणता हवा

सर्वात जास्त चुका येथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

प्लग वायरीचे गाभे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला तांब्याच्या किंवा इतर धातूच्या बारीक तारांचा, ज्याचा रोध जवळजवळ शून्य असतो. दुसरा कार्बनचा, म्हणजे कार्बन भरलेल्या धाग्यांचा. त्याचा रोध साधारणपणे दर मीटर लांबीला दहा ते वीस हजार ओमच्या आसपास असतो. तिसऱ्या प्रकारात धाग्याच्या गाभ्यावर अतिशय बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. तिचा रोध उत्पादकानुसार दर मीटर लांबीला शे-दोनशे ओमपासून काही हजार ओमपर्यंत असतो.

‘रोध कमी म्हणजे करंट जास्त, आणि म्हणून तांब्याची वायर सर्वात उत्तम’ असे दुकानात सहज सांगितले जाते. ऐकायला ते पटते, पण प्लगमधून जाणारा करंट मुळातच फार लहान असतो, आणि काही हजार ओमच्या रोधामुळे ठिणगीवर जाणवण्यासारखा फरक पडत नाही. त्या रोधाचे काम निराळेच आहे. प्रत्येक ठिणगीबरोबर वायरीतून रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि रोध त्या लहरींना आवर घालतो. आवर नसेल तर गाडीतल्या रेडिओवर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर ऐकू येते, हा त्यातला किरकोळ त्रास. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इंजिनाचा संगणक असलेल्या गाडीत याच लहरींमुळे चुकीचे संकेत जातात आणि इंजिन विनाकारण अडखळते.

म्हणून निवड अशी करावी. गाडी पूर्णपणे जुन्या पद्धतीची, म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सरची असेल आणि मुळात तिला धातूच्या गाभ्याची वायर असेल, तर तशीच वायर पुन्हा बसवायला हरकत नाही. तिच्यासोबत रोध असलेले प्लग किंवा रोध असलेली प्लगची टोपी वापरावी. त्या जीपमध्ये नंतर कोणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, किंवा गाडी मूळचीच तशी असेल, तर कार्बनच्या किंवा गुंडाळलेल्या तारेच्या गाभ्याचीच वायर घ्यावी. या दोहोंत निवड करायची झाल्यास मी स्वतः गुंडाळलेल्या तारेची घेतो, कारण खडबडीत रस्त्यावरच्या थरथरीत कार्बनचा गाभा कालांतराने आतून तुटतो, आणि शेतरस्त्यांवर ती थरथर रोजचीच असते.

प्लगमध्ये रोध आहे की नाही हे त्याच्या नावावरून ओळखता येते. एनजीकेच्या बीपी६ईएस या प्लगमध्ये रोध नाही, तर बीपीआर६ईएसमध्ये तो आहे. बॉशच्या डब्ल्यू७डीसी आणि डब्ल्यूआर७डीसी यांत तोच फरक आहे. चॅम्पियनच्या एन९वायसीच्या आधी आर लागला की तो रोधाचा प्लग होतो. हे क्रमांक केवळ फरक समजावा म्हणून दिले आहेत. आपल्या इंजिनाला कोणता प्लग लागतो हे गाडीच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे, कारण त्याच नावात प्लगची उष्णताही, म्हणजे तो चालताना किती गरम राहतो हेही, दडलेली असते. प्लग, प्लगची टोपी आणि वायर या तिन्ही ठिकाणी भरपूर रोध ठेवणेही टाळावे. पॉइंटच्या जुन्या इग्निशनला ते जड जाते.

गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल तर वायरीबाबत अधिक कडक राहावे. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर टाकताच मिस मारू लागली तर पहिली तपासणी प्लगच्या फटीची आणि वायरींचीच करावी.

चौथी पायरी: आवरण, जाडी आणि आपल्याकडचे ऊन

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी गरम असते, आणि ओम्नीचे इंजिन तर पुढच्या सीटखाली कोंडलेले असल्याने तेथील उष्णता बाहेर पडायला वाटच कमी असते. साध्या प्लास्टिकचे आवरण या उष्णतेत लवकर कडक होऊन तडकते. ईपीडीएम नावाचे रबर त्यापेक्षा बरे टिकते; सिलिकॉनचे आवरण सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते. आपल्या भागासाठी सिलिकॉनच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा: सिलिकॉन मऊ असते, धारदार पत्र्यावर घासले तर लवकर कापले जाते. म्हणून त्याला वायर जागेवर धरणाऱ्या क्लिपांची शिस्त अधिक लागते.

जाडी ७ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर अशी सर्रास मिळते. जाड वायरीत आवरण जास्त असते, ठिणगी जास्त नसते. मूळ वायर ७ मिलिमीटरची असेल तर ८ मिलिमीटरची वायर मूळ क्लिपांत बसत नाही, आणि क्लिपेबाहेर लोंबणारी जाड वायर ही क्लिपेत नीट बसलेल्या बारीक वायरीपेक्षा निश्चितच वाईट.

पाचवी पायरी: टोके आणि लांबी

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीकडची टोके दोन तऱ्हेची असतात. जुन्या टोपीला खोल भोके असतात आणि वायरीचे पितळी टोक त्यांत आत जाते. काही नंतरच्या टोप्यांना वर आलेली खुंटी असते आणि वायरीचे टोक तिच्यावर बसते. एकाच्या वायर दुसऱ्यावर बसत नाहीत. कॉइलकडचे टोकही याच दृष्टीने वेगळे पाहावे, कारण ते टोपीच्या टोकांसारखेच असेल असे नाही. प्लगच्या बाजूला रबर सरळ आहे, काटकोनात वळलेले आहे की त्याहून कमी वाकलेले आहे हे पाहावे. काटकोनी रबराच्या जागी सरळ रबर आणले तर वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळाला) टेकते किंवा बॉनेटखाली दबते. काही प्लगच्या डोक्यावर फिरवून काढता येणारी लहान चकती असते. नवीन वायर ती चकती ठेवून बसते की काढून, हेही आधीच पाहून ठेवावे.

लांबीसाठी जुनी वायर सरळ ताणून टोकापासून टोकापर्यंत मोजावी आणि प्रत्येक वायरीवर चिकटपट्टीने सिलिंडरचा क्रमांक लिहावा. एकदा मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून ‘सगळ्या चार सिलिंडरना चालतो’ असे सांगितलेला, दिसायला जाड आणि लालभडक संच घेतला. त्यातली दोन वायर गरजेपेक्षा वीतभर लांब होत्या. क्लिपांत न मावल्याने त्यातील एक मॅनिफोल्डवर टेकली आणि केळीचे घड भरून निघालेली गाडी पालच्या चढावर थांबली. रबर वितळून आतला गाभा दिसत होता. घरून निघताना पाच मिनिटे खर्चून मी टेप लावला असता तर ते टळले असते.

सहावी पायरी: दुकानात

जुना संच, प्लगचा क्रमांक आणि गाडीचे मॉडेल व वर्ष लिहिलेला कागद सोबत न्यावा. गाडीच्या नावाने बांधलेला पूर्ण संच मिळत असेल तर तोच घ्यावा. एकच वायर सुटी बदलण्यात फारसा अर्थ नसतो, कारण एकत्र बसवलेल्या वायर बहुधा एकाच वेळी म्हाताऱ्या होतात. चांगल्या वायरीच्या पाठीवर उत्पादकाचे नाव, गाभ्याचा किंवा आवरणाचा प्रकार छापलेला असतो. कोरी वायर घेऊ नये. खोक्यावरची छपाई अस्पष्ट असेल किंवा नावाच्या अक्षरांत फेरफार असेल तर माल परत ठेवावा. दुकानदाराने परवानगी दिली तर मल्टिमीटर तेथेच लावावा. खात्रीचा माल विकणारा दुकानदार याला सहसा नाही म्हणत नाही.

फार जुन्या जीपसाठी तयार संच मिळाला नाही तर रीळावरून मीटरच्या भावाने वायर कापून टोके बसवून देतात. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आतल्या बाजूला स्क्रूसारखे टोक असलेल्या प्लगच्या टोप्या फक्त धातूच्या गाभ्याच्या वायरीवरच फिरवून बसवाव्यात; कार्बनच्या गाभ्यात तो स्क्रू धागे उसकटून टाकतो आणि जोड काही दिवसांतच निकामी होतो. कार्बनच्या वायरीचे आवरण टोकाशी सोलून, गाभा मागे दुमडून, आवरण आणि टोक यांच्यामध्ये दाबून बसवावा लागतो, आणि त्यासाठी योग्य पक्कड लागते. ती नसलेल्या ठिकाणी कार्बनची वायर बनवून घेऊ नये.

सातवी पायरी: बसवणे

इंजिन थंड असताना बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. एका वेळी एकच वायर काढावी, तिच्या शेजारी नवीन धरून लांबी ताडून पाहावी, ती बसवावी आणि मगच दुसरीकडे वळावे. असे केले तर क्रम चुकण्याचा प्रश्नच येत नाही. काढताना वायर ओढू नये; रबर धरून आधी अर्धा वळसा फिरवावे आणि मग सरळ बाहेर काढावे. प्लगभोवतीच्या खळग्यात आपल्या काळ्या मातीची धूळ साचलेली असते, ती प्लग काढण्यापूर्वी हवेच्या दाबाने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

सगळ्या वायर एकदम निघाल्याच, तर फायरिंगचा क्रम, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, कामी येतो. जुन्या पेट्रोल जीपच्या हरिकेन इंजिनाचा आणि जिप्सीचा क्रम १-३-४-२ असा आहे, तर तीन सिलिंडरच्या ओम्नीचा १-३-२. रोटर कोणत्या बाजूला फिरतो हे टोपी काढून, इंजिन हाताने फिरवून पाहावे आणि त्या दिशेने हा क्रम लावावा.

रबराच्या आत, टोकाशी, सिलिकॉनच्या वीजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा. त्याने ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर प्लगला चिकटून फाटत नाही. चाकाचे साधे ग्रीस येथे चालत नाही. टोक पूर्ण बसल्यावर ‘टक’ असा आवाज येतो किंवा हाताला तो खटका जाणवतो. तो जाणवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वायरींची मांडणी हे शेवटचे काम. प्रत्येक वायर मॅनिफोल्डपासून दूर आणि क्लिपेत असावी. चार सिलिंडरच्या इंजिनात तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला लागोपाठ ठिणगी मिळते आणि हे दोन सिलिंडर शेजारीही असतात. दुसऱ्या आणि पहिल्याचेही तसेच. अशा दोन वायर एकमेकींना चिकटून, समांतर, लांबवर गेल्या तर एकीतील व्होल्टेज दुसरीत चाळवून अवेळी ठिणगी उडू शकते. त्यांच्यात बोटभर अंतर ठेवावे, आणि जेथे एकमेकींना ओलांडणे अटळ आहे तेथे त्या काटकोनात ओलांडू द्याव्यात.

बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे, ते गरम होऊ द्यावे आणि रात्री पुन्हा एकदा अंधारात पाहावे. त्यानंतर भरलेल्या गाडीने एखादा चढ चढून खात्री करावी, आणि पहिल्या आठवड्यात परत एकदा रबरे दाबून, क्लिपा तपासून घ्याव्यात. जुन्या संचातील जी वायर सर्वात लांब आहे आणि मीटरवर व अंधारात दोन्हीकडे खरी उतरली आहे, ती फेकू नये. प्लगचा पाना, एक जुना पण चांगला प्लग आणि ही वायर एका पिशवीत बांधून सीटखाली ठेवावी. घाटात एखादी वायर गेलीच तर सर्वात लांब वायर कोणत्याही सिलिंडरला पुरते.